रिकामा ट्रे

माणसाला घाम फुटायला काय काय कारण लागतं? कुणाच्या मागे कुत्रं लागावं लागतं, कुणाला सासरा दारात दिसावा लागतो. कॅप्टनना त्या शुक्रवारी दुपारी दरदरून घाम फुटला तो प्लास्टिकच्या एका रिकाम्या ट्रेमुळे.

कॅप्टन म्हणजे जहाजावरचे नव्हेत, हॉटेलातले. वेटरांच्या वर जो असतो, काळा कोट घालून दाराशी उभा राहतो आणि बारा टेबलं नुसत्या भुवयांनी सांभाळतो, तो कॅप्टन. एकाच हॉटेलात चौतीस वर्षं काढली त्यांनी, त्यातली शेवटची अकरा कॅप्टन म्हणून. नोकरी सोडून पाच महिने झाले होते, तरी दूधवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे त्यांना कॅप्टनच म्हणायचे. नोकरी सोडताना ‘गुडघे गेले’ असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. गुडघे कसले जाताहेत? ठणठणीत होते. गेला होता तो डावा हात.

हात थरथरायचा. दोन वर्षांपूर्वी एका टेबलावर कप ठेवताना बशीत किणकिण वाजलं, आणि कॅप्टनना वाटलं, टेबलच हलतंय. वाकून पाय बघितले टेबलाचे. नंतर कळलं की टेबल बिचारं जागच्या जागी आहे. पण मुरलेला माणूस असा सहजासहजी हार मानत नाही. त्यांनी युक्त्या काढल्या. कप आणि बशीच्या मधे ओल्या नॅपकिनची छोटी घडी घालायची, म्हणजे वाजत नाही. हात मोकळा असला की पाठीमागे घ्यायचा, वेटरला ते शोभतंच. आणि सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे ट्रे कधी हलका उचलायचा नाही. त्यांच्या हाताची गंमतच अशी होती की जरा वजन आलं की तो दगडासारखा स्थिर व्हायचा, आणि रिकामा राहिला की सुरू. म्हणून पोरं रिकामे ट्रे घेऊन पळायची तेव्हा कॅप्टन तीन टेबलांची भांडी एकावर एक रचून न्यायचे. मॅनेजर म्हणायचा, या वयात काय ताकद आहे बघा. कॅप्टन नुसते हसायचे.

हे गुपित एकाच माणसापासून जिवापाड जपायचं होतं, ते म्हणजे लेकीपासून. त्याला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी तिची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा ही पोरगी दुसऱ्या शहरात शिकत होती. शिक्षण अर्ध्यावर टाकून आली. दोन वर्षं आईचं सगळं केलं, आई गेल्यावर आणखी दोन वर्षं बापाला एकटं वाटू नये म्हणून इथंच मिळेल ते काम करत राहिली. एकदाही तोंडातून तक्रार काढली नाही, आणि तेच कॅप्टनना जास्त लागायचं. आता कंपनीच्या मुख्य ऑफिसातून तिला बोलावणं आलं होतं. लांबचं शहर, तीन वर्षं, तिच्या हाताखाली दहा माणसं. हो की नाही, ते शुक्रवारी पाच वाजेपर्यंत कळवायचं होतं. बापाचा हात थरथरतोय हे तिला कळलं असतं, तर ती गेली नसती. यात कॅप्टनना तिळमात्र शंका नव्हती. तेव्हा शुक्रवारी पाचपर्यंत वेळ मारून न्यायची, मग पुढचं पुढे.

आणि नेमकं शुक्रवारीच दुपारी दोन वाजता ते लेकीच्या ऑफिसात, अंगाला चिकटलेला काळा पोशाख घालून आरशासमोर उभे होते. ‘पाणबुड्या झालोय नुसता,’ ते स्वतःशी पुटपुटले.

लेकीच्या कंपनीत कॉम्प्युटरवरचे खेळ बनत. त्यातला मोठा खेळ म्हणजे आयुष्याचा खेळ. त्यात मारामारी नाही की शर्यत नाही. एक माणूस बनवायचा, त्याला नाक-डोळे द्यायचे, घर द्यायचं, जेवू-खाऊ घालायचं, आंघोळीला पाठवायचं आणि मग कामावर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कॅप्टन म्हणाले होते, “एवढं सगळं तर मी घरी करतोच. यात खेळ कुठाय?”

पण एक गोष्ट त्यांना खुपली होती. त्या खेळात तुमचा माणूस डॉक्टर असला, गुप्तहेर असला, तर तुम्हाला त्याच्याबरोबर कामावर जाता यायचं. तो मात्र प्लंबर असला, सफाईवाला असला, वेटर असला, तर सकाळी दाराबाहेर पडायचा आणि गायब. संध्याकाळी परत उगवायचा, दमलेला, कपडे मळलेले. “मग मधले आठ तास तो करतो काय? ते कुणालाच बघायचं नव्हतं?” कॅप्टननी विचारलं होतं. लहानपणी लेकीनंही बापाला असाच दाराबाहेर जाताना आणि परत येताना बघितलं होतं. मग तिनं ऑफिसात हा विषय लावून धरला, वर्षभर भांडली, आणि नव्या खेळात या सगळ्यांच्या मागे मागे कामावर जाता येईल असं ठरलं. मुख्य ऑफिसचं बोलावणं आलं ते यामुळेच.

खेळातल्या माणसाची हालचाल खरी वाटावी म्हणून खऱ्या कामगारांना बोलावायचं ठरलं. अंगावर चमकत्या गोळ्या चिकटवायच्या, चहूबाजूंनी कॅमेरे, आणि माणूस जे करेल ते पडद्यावर काड्यांच्या बाहुल्यानं जसंच्या तसं करायचं. आदल्या आठवड्यात एक प्लंबर येऊन गेला. त्यानं आधी भिंतीला कान लावला आणि मग पाना काढला. एक केस कापणारी बाई आली, तिनं सगळं काम कंगवा दातात धरून केलं. मग लेक घरी म्हणाली, “बाबा, वेटर तूच.” कॅप्टननी गुडघ्यांचं निमित्त काढलं. “गुडघे दुखले की बसून घे,” ती म्हणाली. पाहुणे यायचेत म्हणाले, तर तिनं पाहुण्यांची नावं विचारली. जास्त नाही-नाही केलं असतं तर ती खोदून विचारायला लागली असती. शेवटी हो म्हणाले. चौतीस वर्षं शेकडो गिऱ्हाइकांच्या डोळ्यात धूळ फेकली, तासाभराचं काय एवढं, असं त्यांनी मनाला समजावलं.

गोळ्या चिकटवायला लेक स्वतः आली. खांदे, कोपरं झाली. मग म्हणाली, “हात दे.”

कॅप्टननी उजवा दिला. तिनं बोटाबोटावर बारीक गोळी बसवली. “डावा.”

त्यांनी डावा हात टेबलावर पालथा ठेवला आणि असा दाबला की नखं पांढरी पडली. तिनं अंगठ्यावर गोळी लावली, मग तर्जनीवर.

“सैल सोड ना. दगड धरल्यासारखा काय धरलायस?”

“गारठा आहे इथं.”

“ए.सी. कमी करायला सांगते.” ती उठली. कॅप्टननी लगेच हात पाठीमागे घेतला. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. अजून अडीच तास.

मोठी खोली होती, भिंती काळ्या, जमिनीवर चिकटपट्ट्यांनी आखलेली टेबलं. एका बाजूला भलामोठा पडदा, त्यावर काड्यांचा बाहुला. कॅप्टननी मान हलवली की तो मान हलवायचा. सगळ्यांना सूचना देणारा एक टोपीवाला होता. मोठा उत्साही गडी, बोलताना टोपी सारखी पुढेमागे करायचा.

“काका, खेळात वेटरच्या दहा पायऱ्या आहेत,” तो म्हणाला. “पहिल्या पायरीवर पोरगा नवा, ताटल्या उचलतो. दहाव्या पायरीवर तुमच्यासारखा कॅप्टन. आपण खालून वर जाऊ. हा घ्या ट्रे.”

कॅप्टननी ट्रे घेतला, आणि तिथंच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जाळीदार प्लास्टिकचा ट्रे, वजन वर्तमानपत्राएवढं. वर एकही भांडं नाही.

“कप कुठायत?”

“कप आम्ही नंतर चित्रात घालणार.”

“निदान पाण्याचा जग तरी ठेवा. रिकामा ट्रे घेऊन वेटर चालत नाही हो. अंगाला वळणच येत नाही.”

“पाण्याला इथं मनाई आहे काका. खाली सगळ्या वायरी आहेत.”

“मग विटा ठेवा.”

सगळे हसले. लेकही हसली, कॉम्प्युटरपाशी बसल्या बसल्या. कॅप्टन काही विनोद करत नव्हते. पण हसणाऱ्यांना ते कसं सांगणार?

“चला काका, घ्या.”

त्यांनी ट्रे डाव्या तळव्यावर घेतला, पाचही बोटं खाली पसरली, कोपर बरगडीला घट्ट लावलं. चार पावलं गेले. पाचव्या पावलाला हात सुरू झाला. आधी बारीक, मग चांगलाच. ट्रेचं एक टोक पाखरासारखं फडफडायला लागलं. पडद्यावर बाहुल्याचाही हात फडफडायला लागला. तिथं ना नॅपकिनची घडी होती, ना काळा कोट. चौतीस वर्षांची अब्रू त्या भल्यामोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर लटलट कापत होती. संपलं, कॅप्टनना वाटलं, आता पोरगी उठणार.

“वा!” टोपीवाला ओरडला. “बघा, बघा जरा. नवा पोरगा, पहिला दिवस, घाबरलेला. याला म्हणतात अनुभव. काका, आम्ही सांगितलंही नव्हतं. अगदी असंच पाहिजे.”

माणसं टाळ्या वाजवायला लागली. कॅप्टन जागच्या जागी उभे. मग त्यांच्यातला मुरलेला वेटर जागा झाला आणि त्यांनी किंचित मान लववली, एखाद्या गिऱ्हाइकानं सुपाची तारीफ केल्यावर लववतात तशी. “पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं,” ते म्हणाले. लेकीकडे त्यांनी चोरून बघितलं. ती हसत होती. वाचलो एकदाचा. पण मघाचा घाम काही वाळेना, कारण ही पहिली पायरी होती. पुढच्या पायऱ्यांवर हात थांबायला हवा होता.

तिसरी पायरी कशीबशी निभावली. दुसऱ्या हातानं ट्रेला आधार दिला आणि म्हणाले, अजून कच्चा आहे पोरगा. पाचव्या पायरीला टोपीवाला म्हणाला, “काका, आता जरा सफाई दाखवा. आता तो शिकलाय.”

“शिकतोय हळूहळू.”

“अहो, पण पाचवी पायरी आहे.”

लेक पडद्याकडे बघत होती आणि आता हसत नव्हती. कॅप्टनना ते बरोबर दिसलं. कुठल्या टेबलावरच्या माणसाची कपाळावरची आठी कधी बदलते ते ओळखण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

“पाच मिनिटं,” ते म्हणाले. “बुटाची लेस सुटलीय.”

कोपऱ्यात वाकले. समोर दिव्यांचे उंच खांब होते, आणि ते पडू नयेत म्हणून त्यांच्या पायांशी वाळूच्या छोट्या पिशव्या ठेवल्या होत्या. कॅप्टननी एक उचलून बघितली. दोन किलो असेल. देव पावला. दोन पिशव्या ट्रेवर ठेवल्या, वर रुमाल अंथरला, आणि अगदी सहज म्हणाले, “रिकाम्या ट्रेनं चाल बिघडते माझी. एवढं चालेल ना?”

“चालेल की,” टोपीवाला म्हणाला.

आणि काय सांगावं? ट्रे उचलला आणि हात थांबला. कॅप्टन चालायला लागले. चिकटपट्टीच्या टेबलांमधून ते असे गेले की जणू तिथं खरंच माणसं बसलीयत. एका खुर्चीची पाठ चुकवली, मागे सरकणाऱ्या कुणाच्या तरी कोपराला वाट दिली, तिसऱ्या टेबलावर डाव्या बाजूनं वाकले, उजव्या हातानं एकेक न दिसणारा कप उतरवला आणि प्रत्येक कपाचा कान गिऱ्हाइकाच्या उजव्या हाताकडे फिरवून ठेवला. जाताना सहाव्या टेबलावरच्या म्हातारीची पडलेली शाल उचलून तिच्या खांद्यावर टाकली. तिथं म्हातारीही नव्हती नि शालही नव्हती. पण खोलीतल्या प्रत्येकाला दिसली. पाचवी, सातवी, दहावी, सगळ्या पायऱ्या एका दमात झाल्या. हातात नुसती वाळू होती, पण कॅप्टनना खूप दिवसांनी आपण आपल्या जागेवर आहोत असं वाटलं.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. टोपीवाल्यानं स्टूल दिलं. “बसा काका. कमाल केलीत तुम्ही.”

कॅप्टन बसले. दोन्ही हात मांडीवर सैल टाकले, डोळे मिटले. जिंकलो, त्यांना वाटलं. आता पन्नास मिनिटं. पोरगी हो म्हणून कळवेल, आणि मग काय व्हायचं ते होवो.

डोळे उघडले. लेक त्यांच्याकडे बघत नव्हती, त्यांच्या डोक्यावरून मागे बघत होती. कॅप्टन हळूच वळले. कॅमेरे चालूच होते. पडद्यावर काड्यांचा बाहुला स्टुलावर बसला होता, मान खाली, दमलेला. त्याच्या हातात ट्रे नव्हता, काही नव्हतं. आणि त्याचा डावा हात मांडीवर एकटाच थरथरत होता.

“हा कितव्या पायरीचा अभिनय, काका?” टोपीवाल्यानं हसत विचारलं.

“सगळ्यांनी चहाला जा,” लेक म्हणाली.

ऑफिसातल्या चहाच्या खोलीत ती दोघं समोरासमोर बसली. कॅप्टनच्या अंगावर अजून तो पोशाख होता, गोळ्यांसकट. बाकीची माणसं लांबच्या टेबलावर बसून इकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती.

“कधीपासून?”

“दोन वर्षं.”

“गुडघे?”

“गुडघे बरे आहेत.”

“डॉक्टर?”

कॅप्टननी मान हलवली. नाही.

तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. संतापली होती. “भरलेला कप देत होतास मला रोज. काठोकाठ. मी म्हणायची, बाबा, अर्धा दे. मला वाटायचं, तुझी हॉटेलची सवय.”

“भरलेला असला की हलत नाही.”

“आणि जेवायला बसत नव्हतास माझ्याबरोबर. तीन महिने झाले. मी आले की तुझं जेवण झालेलं. पत्ते खेळायचं बंद केलंस. समोर बसलास की हात पाठीमागे.” ती थांबली. “मला काय वाटलं असेल?”

“काय?”

“मी जाणार म्हणून तुला राग आलाय. बोलत नाहीस, पण मनातून नको आहे तुला.” तिनं फोन काढून त्यांच्यासमोर सरकवला. मुख्य ऑफिसला लिहिलेलं पत्र होतं, अजून पाठवलेलं नव्हतं. कॅप्टननी वाचलं. आभार मानले होते, आणि घरच्या कारणामुळे येता येणार नाही असं लिहिलं होतं.

ज्या एका गोष्टीसाठी ही सगळी बनवाबनवी केली, तीच गोष्ट या बनवाबनवीनं बुडवायला निघाली होती.

“तू जावंस म्हणूनच लपवलं गं,” ते म्हणाले. “आईच्या वेळी तू सगळं सोडून आलीस. परत माझ्यापायी नको.”

“आत भटारखान्यात काही जळत असलं तरी बाहेर कळू द्यायचं नाही. तुम्ही नव्या पोरांना शिकवायचात ना?” चिडली की ती बापाला तुम्ही म्हणायची. “बाहेर हसायचं, गिऱ्हाइकाला काही कळू द्यायचं नाही. मग मी कोण, बाबा? मी गिऱ्हाईक आहे का तुमचं?”

कॅप्टनना चौतीस वर्षांत गिऱ्हाइकांनी नाही नाही ते ऐकवलं होतं. सूप गार आहे, खुर्ची डुगडुगते, वेटर उद्धट आहे. प्रत्येकाला उत्तर तयार असायचं. याला नव्हतं. डावा हात टेबलावर थरथरत होता, आणि त्यांनी तो पाठीमागे घेतला नाही.

मग ती म्हणाली, “चहा आण. दोन कप. आणि अर्धे.”

“मी?”

“मग कोण आणणार? कॅप्टन कोण आहे इथं?”

ते उठले. मशीनपाशी जाऊन दोन कप अर्धे भरले, बशांत ठेवले. शेजारी कागदी नॅपकिनांची चळत होती. उजवा हात सवयीनं तिकडे गेला, आणि त्यांनी तो मागे घेतला. एक बशी उजव्या हातात घेतली, एक डाव्या हातात, आणि वळले. दहा-बारा पावलांचं अंतर. पहिल्या पावलालाच कप वाजायला लागला. लांबच्या टेबलावरच्या गप्पा थांबल्या. टोपीवाल्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. कॅप्टननी मान खाली घातली नाही, पावलं भरभर टाकली नाहीत. कप वाजत होता, त्यांनी वाजू दिला. चहा हिंदकळून बशीत सांडला, बशीतून थोडा मनगटावर आला. भाजलं, पण ते थांबले नाहीत.

लेक फोनवर काहीतरी लिहीत होती. त्यांनी कप समोर ठेवला तेव्हा तिनं फोन उलटा ठेवला.

“पाठवलं,” ती म्हणाली.

“काय पाठवलंस?”

“येते म्हणून. पण दोन महिन्यांनी. उद्या आधी तुझा हात दाखवायचा, मग बाकीचं. आणि मी तिकडे गेले की रोज फोनवर जेवायचं माझ्यासमोर. चमचा हलला तर हलू दे.”

“आणि त्यांनी दोन महिने थांबायला नाही म्हटलं तर?”

“तर त्यांना म्हणेन, माझ्या बाबाचं काम खेळातून काढा, आणि वेटरची पहिली पायरी दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.”

कॅप्टन बसले. चौतीस वर्षांत बशीत सांडलेला चहा त्यांनी कुणापुढेही ठेवला नव्हता, आणि ठेवलाच असता तर तीनदा माफी मागितली असती. आज मागितली नाही. लेकीनं बशीतला चहा परत कपात ओतला आणि कप तोंडाला लावला.